चार नावं

मेकॅनिकने पडद्यावरची यादी पार वरपर्यंत सरकवली, पेन्सिलीच्या टोकाने ओळी मोजल्या आणि एका जुन्या पावतीच्या पाठीवर ‘४१’ असा आकडा लिहून खाली रेघ मारली. एक्केचाळीस चुका. रविवारची सकाळ होती आणि लिफ्ट कंपनीच्या गोदामात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. भिंतीशी लिफ्टची जुनी दारं उभी करून ठेवलेली, कोपऱ्यात तारदोरांची वेटोळी, मधोमध लोखंडी टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो बसला होता. समोरची पाच महिने रिकामी होती.

बावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. आधी लिफ्ट चालायची ती रिले आणि मोटरवर. मग प्रत्येक लिफ्टच्या पोटात एक छोटा संगणक आला आणि दुरुस्ती म्हणजे सर्किटची जुनी पाटी काढून नवी बसवणं झालं. त्याला ते पटलं नाही. वीज आल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत मध्ये नेमकं काय होतं, हे त्याला पाहायचं होतं. म्हणून त्याने स्वतःचं कर्नल लिहायला घेतलं. संगणक जागा झाला की त्याचा ताबा घेणारा, पडद्याला, घड्याळाला, कळफलकाला कामाला लावणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, तो. जगात असे पुष्कळ आहेत आणि त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले. पण ते त्याने लिहिलेले नव्हते.

यात त्याला सोबत होती साडूची. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. बहिणी-बहिणी बोलत बसल्या की साडूंनी एकमेकांचं काय करायचं, हा सगळ्याच घरांतला प्रश्न. त्यांना उत्तर सापडलं होतं. दर रविवारी दोघे गोदामात आपापला लॅपटॉप घेऊन समोरासमोर बसत. बूट होणं आणि पडद्यावर लिहिणं मेकॅनिककडे. घड्याळ आणि कळफलक साडूकडे. फंक्शनची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेका कामाची, नावं मराठीच ठेवायची असं साडूने सुचवलं होतं. सगळे इंग्रजी ठेवतात, आपलं आपल्याला तरी वाचता येऊ दे, म्हणाला. शेवटी दोन्ही भाग जोडायचे होते. ते राहून गेलं, कारण साडू आणि मेहुणी वेगळे झाले. साडूने एक पेनड्राइव्ह आणून दिला, “सगळं यात आहे, दादा,” म्हणाला आणि यायचा थांबला.

पेनड्राइव्ह खणात पडून राहिला असता. पण कालच बायको उशांचे अभ्रे बदलता बदलता म्हणाली होती,

“गुरुवारी तुम्हाला बोलावलंय. फॅमिली कोर्टातल्या समुपदेशक बाईंकडे.”

“मला कशाला?”

“धाकटीच्या मुलीला रविवारी बापाकडे द्यायचं की नाही, ते ठरायचंय. धाकटी म्हणते, काम-बिम काही नव्हतंच. रविवारी तो भलतीकडेच कुठे जायचा आणि तुम्ही त्याच्यावर पांघरूण घालायचात. एकाच माळेचे मणी, म्हणाली.”

“आणि तुला काय वाटतं?”

बायकोने उशी हनुवटीखाली धरली आणि अभ्रा वर ओढून घेतला.

“मला काय वाटायचंय? मी तिकडे कधी आले नाही. पण दीड वर्ष दोन माणसं दर रविवारी बसतात म्हणजे काहीतरी झालं असेलच की. ते घेऊन जा आणि दाखवा. आडात असेल तर पोहऱ्यात येईल.”

साडू कामाला पक्का आहे, असं तो सासूबाईंसमोर ठासून बोलला होता. तेही सगळे जमलेले असताना. म्हणून आज पेनड्राइव्हवरच्या फायली त्याने आपल्या फायलींशेजारी आणून ठेवल्या आणि पहिल्यांदाच सगळं एकत्र बांधायला घेतलं.

प्रत्येक फाईल कंपाइल झाली. बिनतक्रार झाली. तक्रार केली ती लिंकरने. कंपाइलर लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणतो, पण एका वेळी एकच फाईल पाहतो. तिच्यात दुसरीकडच्या कशाचं नाव आलं, तर ते नावांच्या यादीत आहे ना एवढंच बघून पुढे जातो. यादीत असलं की त्याचा विश्वास बसतो. लिंकर सगळे तुकडे एकत्र आणतो आणि मग प्रत्येक नावामागे खरोखर काही आहे का, ते विचारतो.

मेकॅनिक वरून सुरुवात करून एकेक चूक घेऊ लागला. बंद पडलेल्या लिफ्टचंही तो असंच करायचा. पहिला दोष काढल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही. निम्मे दोष पहिल्याच्याच पोटचे असतात. पहिली तक्रार अशी होती की सुरुवात कुठून करायची तेच सापडत नाही. सगळ्यात आधी चालणाऱ्या असेंब्लीच्या फाईलमध्ये त्याने ‘आरंभ’ लिहिलं होतं आणि लिंकरला दिलेल्या नकाशात ‘सुरुवात’. त्याने नकाशातला शब्द बदलला. मग ‘मल्टिपल डेफिनिशन’ची एक लांबलचक माळ होती. पडद्यावर आपण कितव्या ओळीत आहोत हे लक्षात ठेवणारा आकडा आणि असेच दोन-तीन त्याने थेट नावांच्या यादीच्या फाईलमध्येच जन्माला घातले होते आणि ती यादी नऊ ठिकाणी जोडली होती. म्हणजे एकाच नावाची नऊ माणसं दारात उभी. यादीत फक्त नावं ठेवून त्याने आकडे एका फाईलमध्ये नेले. सत्तावीस ओळी एका दमात गेल्या.

मग ‘मेमकॉपी’ नावाचं काहीतरी सापडत नाही अशी ओरड आली. हे नाव त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. सगळ्या फायली शोधून झाल्या, तरी नाही. तासाभराने कळलं की कंपाइलर स्वतःच्या सोयीसाठी हे नाव परस्पर घालतो; एरवी ते आयतं मिळतं, पण कर्नलला आयतं काहीच नसतं. त्याने सहा ओळींचं स्वतःचं मेमकॉपी लिहिलं. एक फाईल बांधायच्या यादीत टाकायचीच राहिली होती, ती टाकली. एकला पोळी-भाजीचा डबा उघडला. तीनला पडद्यावर चार ओळी उरल्या होत्या.

घड्याळ_लाव. ठोका_मोज. कळ_वाच. कळेसाठी_थांब.

चारही साडूच्या वाट्याची.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत लॅपटॉप घेऊन बसला. साडूची फाईल कंपाइल होत होती, जोडणीत जातही होती. मग तिच्यातली नावं लिंकरला का दिसेनात? कंपाइल झालेल्या तुकड्यात कोणकोणती नावं आहेत हे सांगणारी एक आज्ञा असते. त्याने ती दिली. आपल्या तुकड्यांवर दिली तेव्हा नावांच्या रांगा आल्या. साडूच्या तुकड्यावर दिली, तर काहीच आलं नाही. पुढच्या आज्ञेची वाट बघत चौकोन लुकलुकत राहिला.

त्याने फाईल उघडली. तीनशे बारा ओळी होत्या. पहिल्याच ओळीत टिप्पणीची खूण सुरू झाली होती, आणि ती थेट शेवटी बंद झाली होती.

“अरे माझ्या कर्मा,” तो मोठ्याने म्हणाला. मधली खूण बंद करायची विसरला असणार. टिप्पणीत सापडलेलं काहीही कंपाइलर वाचत नाही. एका विसरलेल्या खुणेपायी सगळी फाईल गिळली जाते. हा प्रकार त्याच्या स्वतःच्याच हातून तीनदा झाला होता. तो हसला, टिप्पणी जिथे संपायला हवी ती जागा शोधत खाली जाऊ लागला.

सगळे तक्ते होते. घड्याळाच्या चिपची दारं कोणती, कुठल्या दारात काय टाकलं की काय होतं. दर सेकंदाला अकरा लाख त्र्याण्णव हजार एकशे ब्याऐंशी ठोके. कळफलकाच्या प्रत्येक कळेचा दाबतानाचा आकडा आणि सोडतानाचा आकडा. उभे रकाने एका सुतात, कुठे एक जागा कमी-जास्त नाही. चष्म्याचे नंबर लिहिणाऱ्या माणसाचा हात होता तो. तीनशे बाराव्या ओळीपर्यंत तक्तेच होते. काही करील अशी एकही ओळ त्यात नव्हती.

शेजारी लिफ्टची मोटर सुरू झाली, दोर सरसरत खाली गेला, थांबला. मेकॅनिकने फाईल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

मंगळवारी दुपारी तो चष्म्याच्या दुकानात गेला. साडू काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता. डोळ्याला भिंग लावलेलं होतं, ते त्याने काढलं नाही.

“बसा, दादा. दोन मिनिटं.”

गिऱ्हाईक चष्मा घालून आरशात पाहून गेलं. मेकॅनिकने पेनड्राइव्ह काचेवर ठेवला.

“हा चुकून दुसराच दिलास का?”

“नाही. तोच आहे.”

“यात फक्त तक्ते आहेत. फंक्शन कुठे आहेत?”

साडूने भिंग काढलं आणि कापडाने पुसायला घेतलं.

“कुठेच नाहीत.”

“म्हणजे पुसली गेली?”

“लिहिलीच नाहीत, दादा.”

मेकॅनिकने खाली पाहिलं. काउंटरच्या काचेखाली फ्रेमा रांगेने मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवरची किमतीची चिठ्ठी उलटी झाली होती.

“सुरुवातीला वाटलं, आधी नीट समजून घेऊ, मग लिहू,” साडू म्हणाला. “समजून घेता घेता तीन महिने गेले. तोवर तुमच्या पडद्यावर अक्षरं यायला लागली. मग एक-दोनदा लिहिलं, ते चाललं नाही. पुसून टाकलं. तुम्ही विचारायचात, कुठपर्यंत आलं? मी म्हणायचो, होतंय. एकदा होतंय म्हटलं की पुढच्या रविवारी होत नाहीये असं कसं म्हणणार?”

“दीड वर्ष?”

“हो.”

“मग यायचास कशाला?”

साडूने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“तिथे बसलं की बरं वाटायचं. घरी बसलो की ती विचारायची, काय झालंय तुम्हाला? काय सांगणार? काही झालेलं नसायचं.” मग त्याने आवाज खाली आणला. “गुरुवारी झालं होतं म्हणाल का, दादा? चालत होतं म्हणा. तिथे कोण उघडून बघणार आहे? माझी पोरगी सात वर्षांची आहे. महिन्यातून एकदा मावशीच्या देखत भेटवा, म्हणतेय तिची आई.”

मेकॅनिकने पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकला.

“बघतो,” तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. “सासूबाईंसमोर मी तुझ्यासाठी भांडलो होतो.”

“माहीत आहे मला.”

त्या संध्याकाळी आणि बुधवारी पहाटे कामावर जायच्या आधी, त्याने ती चार फंक्शन्स लिहिली. तक्ते शेजारी उघडे होते. त्यांच्यात एकही आकडा चुकीचा निघाला नाही. घड्याळ_लाव अकरा ओळींत झालं. ठोका_मोज चार ओळींत. कळफलकाला थोडा वेळ लागला, कारण कळ सोडल्याचा आकडाही तो अक्षर म्हणून छापत होता आणि प्रत्येक अक्षरामागे कचरा येत होता. तेही सुटलं. बुधवारी पावणेआठला त्याने सगळं बांधलं. लिंकर एक शब्दही बोलला नाही. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात सेकंद मोजले जाऊ लागले आणि खाली, कळ दाबली की तिचं अक्षर उमटू लागलं.

ही गोष्ट दीड वर्षात कधीही झाली असती. त्याला एक संध्याकाळ आणि एक पहाट लागली होती. तो ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोला हाक मारायला वळला आणि तसाच परत फिरला. चहा झाल्यावर तीच हात पुसत येऊन मागे उभी राहिली.

“झालं?”

“झालं.”

“चांगलं दिसतंय.” तिने वाकून एक कळ दाबली, अक्षर आलं, तिने आणखी एक दाबली. “यातलं त्याचं काय आहे?”

“घड्याळ आणि कळा.”

“बघा. म्हणजे बसला होता बिचारा,” बायको म्हणाली आणि डबा भरायला गेली.

वाटणी खरीच अशी झाली होती. आपण खोटं बोललो नाही, असं मेकॅनिकला बूट घालेपर्यंत वाटत होतं.

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. टेबल, चार खुर्च्या, खिडकीला आतून लावलेली जाळी, भिंतीवर लहान मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली. मेहुणी खिडकीकडच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स. साडू दाराकडे. मेकॅनिक मधल्या खुर्चीत बसला आणि लॅपटॉपची पिशवी त्याने पायाशी ठेवली.

“हे माझे भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “हेच ते.”

बाईंनी मेकॅनिककडे पाहिलं. त्यांना घाई दिसत नव्हती.

“हे म्हणतात, रविवारी ते तुमच्यासोबत काम करायचे. काय काम?”

मेकॅनिकने सांगितलं. कर्नल म्हणजे काय ते लिफ्टच्या भाषेत सांगितलं, बाईंना कळलं. हातातल्या कागदावर त्यांनी काहीतरी टिपलं.

“आणि ते तयार आहे?”

“आहे. आणलंय मी.”

साडूने मान वर केली.

“छान,” बाई म्हणाल्या. “मग त्यातलं यांनी काय केलं, तेवढं दाखवा.”

मेकॅनिक पिशवीवर वाकला. चेन अर्धी उघडली. लॅपटॉपची कड दिसली, तिच्यावर हात ठेवून तो तसाच थांबला. मग त्याने चेन बंद केली आणि सरळ बसला.

“यांनी काही केलेलं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“चालणारी एकही ओळ यांनी लिहिलेली नाही. यांचा भाग मीच लिहिला, परवा आणि काल. यांनी चिपचे तक्ते उतरवून ठेवले होते, ते बरोबर होते. बाकी काही नाही. मला वाटत होतं की होतंय. मंगळवारी कळलं.”

साडू जमिनीकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. मेहुणीच बोलली.

“भाऊजी, मग हा तिथे करायचा काय?”

“बसायचा.”

“बसून?”

“लॅपटॉप उघडायचा. मी काही विचारलं की ‘होतंय’ म्हणायचा. एकला डबा खायचा. पाच वाजता झाकण लावून निघायचा.”

“दर रविवारी? दुसरीकडे कुठे नाही?”

मेकॅनिकने आठवून पाहिलं.

“दोन रविवार मी गावाला होतो. ते सोडून.”

मेहुणीने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तिची पिपाणी बराच वेळ वाजली आणि बंद झाली. मेहुणीने बंद सोडवला. मग ती साडूकडे वळली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होतो?” साडू म्हणाला. “नुसता बसून येतो म्हणून?”

ती त्याच्याकडे बघत राहिली, हरवलेली वस्तू भलत्याच कपाटात दिसावी तशी. मेकॅनिकला वाटलं, आपण आता बाहेर जावं. पण मधे त्याचीच खुर्ची होती आणि दोघांपैकी कोणाला तरी पाय आवरून घ्यावे लागले असते.

“बाई,” मेहुणी म्हणाली, “रविवार लिहा.”

बाईंनी पेन उचललं.

“मावशीच्या देखत?”

“नको. तशीच जाऊ दे.”

“वेळ? किती ते किती?”

नवरा-बायको दोघंही एकदमच बोलायला लागले आणि दोघंही थांबले.